मागचा पडदा फिकाच हवा

छोट्या रेल्वेची मांडणी करणारे हौशी लोक डब्याच्या रिव्हेटपर्यंतचे बारकावे सांभाळतात आणि मागचा पडदा रंगवतानाही तीच सवय लावतात. मग डोंगरावरचं झाडन् झाड गडद हिरवं होतं आणि तिथेच घात होतो. एचओ या लोकप्रिय प्रमाणात सगळं १:८७ असतं, म्हणजे खरा एक किलोमीटर साडेअकरा मीटरचा. घरातल्या फळीला जेमतेम साठ सेंटिमीटर रुंदी मिळते, म्हणजे प्रत्यक्षातले पन्नासेक मीटर. रुळांपलीकडचं एक शेत संपतं न संपतं तोच भिंत येते. पुढची सगळी दूरी रंगानेच दाखवायची असते, आणि दूरी म्हणजे तपशील हरवत जाणं. मधली हवा प्रकाश विखुरते, निळा जास्त. म्हणून लांबचे डोंगर फिके, निळसर होतात. पावसाळा सरल्यावर घाटमाथ्यावरून पाहा: जवळची रांग हिरवी, तिच्यामागची निळी, आणि शेवटची कुठे संपते नि आकाश कुठे सुरू होतं ते कळतच नाही. म्हणून डोंगराच्या रंगात आकाशाचाच रंग मिसळायचा, मागच्या रांगेत अधिक. क्षितिजाजवळ आकाश जवळपास पांढरं. रंग बिनचकाकीचा, नाहीतर दिव्याची तिरीप पडून भिंत उघडी पडते. क्षितिजरेषा बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर. कोपऱ्यात पातळ हार्डबोर्ड गोलाकार वाकवायचा, कारण काटकोन ठेवला तर आकाशात उभी रेघ दिसते.

यावर कोणी म्हणेल, आता मोठे फोटो छापून मिळतात, रंगवायचं कशाला? फोटो जरूर लावावा, पण तोही फिका करून. शिवाय त्यातलं ऊन एका बाजूचं आणि खोलीतला दिवा दुसऱ्या बाजूला असेल, तर सावल्यांचं भांडण लगेच दिसतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पडद्याला एवढं दुय्यम का मानायचं? कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी नाटक कंपन्यांसाठी रंगवलेल्या पडद्यांचा केवढा बोलबाला होता! होता, आणि रास्तच होता. पण त्या पडद्यापुढे पूर्ण उंचीचा नट उभा असे आणि प्रेक्षक लांब बसत. इथे गाडी वीतभर डब्यांची आणि डोळा हातभर अंतरावर. पडदा बोलू लागला की गाडी खेळणं होते. कॅलिफोर्नियात माँटेरेला जॉन अॅलन या छोट्या रेल्वेच्या हौशी माणसाने आपल्या प्रसिद्ध मांडणीत आरसे बसवून जागा मोठी भासवली होती. आरसा ओळखू आला असता, तर ती युक्ती तिथेच फसली असती; पडद्याचंही तसंच.

कौशल्य पणाला लावायचं ते पडदा आणि जमीन जिथे भेटतात त्या चार बोटांत. तिथे खरी झुडपं, उतार, भिंतीला चिकटवलेलं अर्ध्या जाडीचं गोदाम हवं. रस्ता सरळ पडद्यात घुसवू नये. रंगवलेला भाग एकाच जागेवरून जुळतो आणि माणूस दोन पावलं सरकला की मोडल्यासारखा दिसतो. म्हणून रस्ता गोदामामागे वळवावा. दिवे मांडणीच्या पुढच्या कडेवर, पण उंच टांगावेत आणि रूळ पडद्यापासून थोडे दूर ठेवावेत, म्हणजे इंजिनाची सावली आकाशावर पडणार नाही.