ऑर्केस्ट्रासाठी दुसरा कीबोर्ड घेताय? आधी 'मिडी' समजून घ्या

लग्नसराई, यात्रा जवळ आल्या की गावोगावचे बेंजो पार्टीवाले आणि ऑर्केस्ट्रावाले दुसरा कीबोर्ड घ्यायला निघतात. अनेकदा उसनवारीही होते. पण दरवेळी महागडा कीबोर्डच लागतो असं नाही. 'मिडी कंट्रोलर'वरही काम भागू शकतं.

साध्या कंट्रोलरला स्वतःचा आवाज नसतो. कोणती पट्टी दाबली, किती जोरात दाबली, एवढाच निरोप तो वायरीतून पाठवतो. आवाज काढतो तो मुख्य कीबोर्डच. ही पद्धत १९८३ पासून चालू आहे. एका वायरीत १६ चॅनल असतात. कंट्रोलरवर जो चॅनल, तोच मुख्य कीबोर्डवर बासरीला लावला, की कंट्रोलरवर बासरी वाजते आणि मुख्य कीबोर्डवर दुसरा आवाज मोकळा राहतो.

फसगत होते ती खरेदीत. बऱ्याच स्वस्त कंट्रोलरला फक्त यूएसबी असतं. कीबोर्डचं चौकोनी यूएसबी मात्र कॉम्प्युटरसाठी असतं, त्यामुळे दोन्ही थेट जोडून चालत नाहीत. मध्ये लॅपटॉप किंवा 'यूएसबी मिडी होस्ट' डबी लागते. दोन्हीकडे ५ पिनांची गोल सॉकेटं असतील तर सोपं: कंट्रोलरच्या 'आउट'मधून कीबोर्डच्या 'इन'मध्ये वायर लावायची. या वायरीतून कंट्रोलरला करंट मिळत नाही, अडॅप्टर वेगळा लागतो.

म्हणून दुकानात जाताना आपला कीबोर्ड सोबत न्या. जोडून, वाजवून बघा, मगच पैसे मोजा. सुपारीला निघताना एक जादा वायर पेटीत असू द्या.