आवाज बंद, इंग्रजी सुरू

इंग्रजीच्या तासाला अख्खा सिनेमा लावणं म्हणजे वर्गाला सुट्टी देणं. दोन-तीन मिनिटांची क्लिप पुरते, आणि तीही शक्यतो बिनसंवादाची!

माझी आवडती क्लिप चॅप्लिनच्या 'मॉडर्न टाइम्स'मधली (1936): कामगाराला जेवू घालणारं यंत्र बिघडतं तो प्रसंग. मुलांच्या जोड्या लावायच्या. एकाने पडद्याकडे पाठ करून बसायचं, दुसऱ्याने दिसेल ते त्याला इंग्रजीत सांगत राहायचं. मक्याचं कणीस गरागरा फिरायला लागलं की सांगणाऱ्याची त्रेधा उडते. 'इट इज स्पिनिंग', 'ही इज शाउटिंग' अशी चालू वर्तमानकाळातली वाक्यं आपोआप बाहेर पडतात, कारण ते समोर घडतच असतं. अर्ध्यावर जागा बदलायच्या. नंतर तोच प्रसंग आठवून लिहायला सांगितला, की भूतकाळ आलाच. व्याकरणाचा तक्ता फळ्यावर त्यानंतर, आधी नको.

मोठ्या मुलांसाठी गौरी शिंदे यांचा 'इंग्लिश विंग्लिश' (2012). पुण्याची शशी न्यूयॉर्कच्या कॅफेत ऑर्डर द्यायला जाते तो प्रसंग. काउंटरवरून प्रश्न आला की क्लिप थांबवायची: तुम्ही काय उत्तर द्याल? मग काउंटरवाली जरा माणसासारखी वागेल असा संवाद मुलांनीच नव्याने रचायचा. (यात ती फार रंगतात.)

सबटायटल्स? पहिल्यांदा नकोत. दुसऱ्यांदा इंग्रजी. मराठी लावलीत तर कान बंद, नुसतं वाचन सुरू. प्रोजेक्टर नसला तर लहान वर्गाला लॅपटॉप चालतो, स्पीकर मात्र बरा हवा.