शुक्रवारचा शटडाऊन

पहाटे ५

आमच्या धंद्यात शुक्रवार सर्वांत लवकर उजाडतो. अंबरनाथ-डोंबिवलीकडच्या एमआयडीसीला साप्ताहिक सुटी रविवारी नसते, शुक्रवारी असते. मशिनं थांबलेली असतात, म्हणून एचटीचा, म्हणजे उच्च दाबाच्या विजेचा, ब्रेकर उघडू द्यायला कारखान्याचे लोक याच दिवशी राजी होतात. बदलापूर गावातल्या शेजारणी विचारतात, "लाइटीचं काम ना गं तुझं?" मी हो म्हणते. खरं तर माझं काम लाइटीचं कमी आणि पोकळीचं जास्त. व्हॅक्यूम सर्किट ब्रेकरमध्ये तीन सीलबंद बाटल्या असतात, एकेका फेजची एकेक. कारखान्यात त्यांच्यात जो निर्वात कोंडला, तो इतक्या वर्षांनी तिथेच आहे की नाही, हे मी बघते.

६:१५

टेम्पोत किट चढवतो. तेलाने भरलेला ५० किलोव्होल्टचा टेस्ट ट्रान्सफॉर्मर, त्याचा कंट्रोल बॉक्स, मेगर, १०० अँपिअरचा कॉन्टॅक्ट रेझिस्टन्स मीटर, डिस्चार्ज रॉड, अर्थिंगच्या केबली. गावातून स्टेशनकडे, उड्डाणपुलावरून पूर्वेला, मग कर्जत-काटई रस्त्याने अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत.

७:००

गेटवर सेफ्टीची नोंद, मग परमिट. या पट्ट्यात महावितरणचा एचटी पुरवठा २२ किलोव्होल्टचा. लाइनमन आपल्या बाजूने सप्लाय बंद करतो, मग आम्ही आमच्या बाजूचा ब्रेकर उघडतो, ब्रेकरची ट्रॉली बाहेर ओढतो, वीज उरली नाही ना हे डिटेक्टरने बघतो, डिस्चार्ज करतो, अर्थिंग लावतो. यातली एकही पायरी मी गाळू देत नाही. ब्रेकरचा दर्शक 'ओपन' दाखवतो याचा अर्थ आतले कॉन्टॅक्ट एकमेकांपासून सरकले, एवढाच. त्यांच्यामधल्या जागेत निर्वात आहे की हवा, हे तो दर्शक सांगू शकत नाही. म्हणून उघड्या व्हॅक्यूम ब्रेकरच्या भरवशावर कुणीही तारेला हात लावायचा नसतो. ट्रॉली बाहेर आणि अर्थिंग डोळ्यांना दिसलं पाहिजे. इथले जुने वायरमन काका, निवृत्तीनंतरही शटडाऊनला बोलावले जाणारे, स्वतः जाऊन प्रत्येक क्लॅम्प हलवून बघतात. मग म्हणतात, "चल पोरी, आता हात घाल."

८:००

ट्रॉली उजेडात आली की मी आधी बाटल्या नुसत्या बघते. बाहेरून ॲल्युमिना सिरॅमिक, दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या. आत तांबं-क्रोमियमच्या मिश्रणाचे दोन कॉन्टॅक्ट, एक स्थिर, एक हलणारा. हलणाऱ्या दांड्याभोवती स्टेनलेस स्टीलची पातळ, चुण्यांची नळी असते. तिला बेलोज म्हणतात. तिच्यामुळे दांडा मागेपुढे होतो आणि हवा आत जात नाही. ब्रेकर उघडला की कॉन्टॅक्टमध्ये पडणारं अंतर जेमतेम दहा-पंधरा मिलिमीटर. उघड्या हवेत २२ किलोव्होल्टला एवढंसं अंतर कुणी ठेवणार नाही.

निर्वातात ते पुरतं, कारण वीज वाहून न्यायला तिथे वायूचे रेणूच जवळजवळ नसतात. बाहेरच्या हवेचा दाब एक लाख पास्कल. नव्या बाटलीत तो एक हजारांश पास्कलहूनही कमी असतो, म्हणजे बाहेरच्या दाबाच्या दहा-कोटीव्या भागापेक्षा कमी. कॉन्टॅक्ट सरकताना ठिणगी पडतेच, पण ती जळते कॉन्टॅक्टच्याच धातूच्या वाफेत. पन्नास हर्ट्झचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो. त्या शून्यावर वाफेचा पुरवठा थांबतो, उरलेली वाफ काही मायक्रोसेकंदांत कॉन्टॅक्टभोवतीच्या धातूच्या शील्डवर जाऊन गोठते आणि वाट बंद होते. कॅलिफोर्नियात सोरेन्सन आणि मेंडेनहॉल यांनी १९२६ मध्ये निर्वातात प्रवाह तोडून दाखवला होता. बाजारात भरवशाचा ब्रेकर यायला त्यानंतर तीसहून जास्त वर्षं गेली. कल्पना पक्की होती, पण धातूच्या पोटात अडकलेला वायू पुरता काढणं आणि वर्षानुवर्षं टिकणारा जोड घालणं कुणाला जमत नव्हतं.

पोकळी बिघडायच्या वाटाही त्याच. ब्रेझिंगच्या जोडात बारीक गळती राहते, हजारो वेळा वाकून बेलोजला चीर जाते, किंवा धातूतून हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड हळूहळू सुटत राहतात. शेवटच्या प्रकारावर इलाज बाटलीतच ठेवलेला असतो: गेटर, म्हणजे वायू पकडून धरणारा झिर्कोनियमसारखा धातू. शिवाय प्रत्येक ठिणगीत उडालेली ताजी वाफ शील्डवर बसताना थोडे वायूचे रेणू स्वतःखाली गाडून टाकते. काम करणारा ब्रेकर आपला निर्वात थोडाफार स्वतःच राखतो. मला जास्त काळजी वाटते ती वर्षानुवर्षं न हललेल्या ब्रेकरची.

१०:००

सफाई. सिरॅमिकवर केमिकल कारखान्याची चिकट धूळ. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू देतो, नाहीतर पृष्ठभागावरून वाहणारा प्रवाह चांगल्या बाटलीलाही नापास करतो. हे नदीकाठच्या पंपघरांत फार वेळा पाहिलं आहे. २००५ आणि २०१९ च्या जुलैत उल्हास नदी चढली तेव्हा आमच्या भागात पाणी किती वर आलं, हे सर्वांना आठवतं. पॅनलमध्ये पाणी शिरलं तरी बाटलीत शिरत नाही, पण बाहेर बसलेला गाळ आणि ओल टेस्टमध्ये खोटं बोलतात. अशी एक चांगली बाटली भंगारात जाताना मी थांबवली आहे.

मग दांड्यावरची झिजेची खूण आणि कॉन्टॅक्ट रेझिस्टन्स. सगळं मर्यादेत.

११:३०

आता खरी परीक्षा. ब्रेकर उघडा ठेवून कॉन्टॅक्टच्या दोन टोकांमध्ये एसी दाब द्यायचा. २४ किलोव्होल्ट वर्गाच्या ब्रेकरला कारखान्यात ५० किलोव्होल्ट एक मिनिट सोसावे लागतात. साइटवर त्याच्या ८० टक्के, म्हणजे ४०. डीसी किट हलकं आणि स्वस्त असतं, पण त्याने कॉन्टॅक्टवरची सूक्ष्म टोकंही दोषी ठरतात आणि धडधाकट बाटली नापास होते, म्हणून मी ते वापरत नाही. दाब वाढला की निर्वातात इलेक्ट्रॉन समोरच्या कॉन्टॅक्टवर आदळून थोडे क्ष-किरण निघू शकतात. दोन-तीन मीटर लांब उभं राहायचं आणि ठरल्यापेक्षा जास्त दाब द्यायचा नाही. माझ्याबरोबरच्या पोरांना मी हे दर वेळी नव्याने सांगते.

इनकमरचा, म्हणजे बाहेरून येणाऱ्या सप्लायच्या ब्रेकरचा, आर फेज शांतपणे ४० सोसतो. वाय फेज तिशीतच चर्रचर्र करतो, मीटरचा काटा उडतो. इथे घाई करून 'फेल' लिहिणारे पुष्कळ आहेत. मी दाब खाली आणते, थोडा वेळ धरते, पुन्हा सावकाश चढवते. कॉन्टॅक्टवरची केसाएवढी टोकं आणि चिकटलेले कण या छोट्या ठिणग्यांत जळून जातात. यालाच कंडिशनिंग म्हणतात. दर फेरीत आवाज वरच्या दाबावर सरकत गेला तर बाटली सुधारते आहे. वाय फेज सुधारतो आणि ४० वर मिनिटभर टिकतो. बी फेज ठीक.

ट्रान्सफॉर्मर फीडरच्या ब्रेकरवर मात्र बी फेज विशीच्या आसपास तुटतो. पुन्हा चढवते, पुन्हा तिथेच. अर्थात आत हवा आहे. तेवढं हवेचं अंतर जेवढा दाब सोसेल तेवढाच ही बाटली सोसते. हिला कंडिशनिंग लागू पडणार नाही.

मेंटेनन्स मॅनेजर म्हणतात, "मॅडम, परवापर्यंत हाच ब्रेकर ऑन-ऑफ होत होता. कधी तक्रार नाही." त्यांचं खरं आहे, आणि मला भीती याचीच वाटते. पुढच्या ट्रान्सफॉर्मरची एचटी बाजू डेल्टा आहे. उरलेल्या दोन फेजनी प्रवाह तोडला की तिसऱ्याला परतीची वाट उरत नाही, म्हणून मेलेली बाटलीही रोजच्या कामात पास होते. ज्या दिवशी त्याच फेजवर अर्थ फॉल्ट होईल, त्या दिवशी ती ठिणगी विझणार नाही आणि पॅनल फुटेल. मी कागदावर आकृती काढून दाखवते. ते बराच वेळ बघतात आणि स्पेअर ट्रॉली लावायला सांगतात.

१:३०

डबा. काकांकडे वडिलांचा व्हॉल्व्हचा रेडिओ आहे, उल्हासनगरच्या कॅम्पातून दुरुस्त करून आणलेला. व्हॉल्व्हच्या काचेवर आतून चंदेरी डाग असतो तो बेरियमचा, गेटरच. काच तडकून हवा शिरली की डाग पांढरा पडतो. काका म्हणतात, "तुमच्या बाटलीला काचेची खिडकी का नाही ठेवत? डोळ्यांनी कळलं असतं." फार चांगला प्रश्न आहे. सुरुवातीच्या काही बाटल्या काचेच्या होत्याही. पण सिरॅमिक जास्त तापमानाला टिकतं, म्हणून भट्टीत जास्त तापवून आतला वायू नीट काढता येतो. पाहण्याची सोय गेली आणि निर्वात चांगला मिळाला.

२:३०

वाय फेजची बाटली पास झाली तरी माझं समाधान झालेलं नाही. दाबाची परीक्षा आजचं सांगते, उद्याचं नाही. दुसरी रीत मॅग्नेट्रॉनची: बाटलीभोवती कॉइल, आत उच्च डीसी दाब आणि क्षणभराचं चुंबकीय क्षेत्र. इलेक्ट्रॉन गोल फिरत उरल्यासुरल्या रेणूंवर आदळतात, आयन तयार होतात आणि त्यांच्या प्रवाहावरून आतल्या वायूचा दाब निघतो. पेनिंग यांनी १९३०च्या दशकात फिलिप्समध्ये या तत्त्वावर दाबमापक केला होता. पहिलंच वाचन खरं धरायचं. मोजतानाच आयन भिंतीत रुतून वायू कमी करतात, त्यामुळे पुन्हा मोजलं की बाटली आहे त्याहून चांगली वाटते. काही जण दोनदा मोजून चांगला आकडा लिहितात. ते मला मान्य नाही.

वाय फेजच्या बाटलीतला वायूचा दाब: मर्यादेच्या आत, पण शेजारच्या दोघींच्या दहापट.

४:३०

परतताना उड्डाणपुलाखालून कर्जत लोकल जाते. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर १५०० व्होल्ट डीसीचं २५ हजार व्होल्ट एसीत रूपांतर २०१५ मध्ये पुरं झालं, आता या गाड्यांच्या छपरावरही व्हॅक्यूम ब्रेकर आहेत. रेल्वेचे लोक त्याला 'डीजे' म्हणतात. न्यूट्रल सेक्शन, म्हणजे तारेचा बिनविजेचा तुकडा, आला की डीजे उघडतो, पुढे पुन्हा लागतो, दिवसभर. माझ्या कारखान्यातला ब्रेकर वर्षात जेवढा हलत नाही तेवढा तो आठवड्यात हलतो. त्याच्या बेलोजचं काम किती कठीण असेल, हा विचार लोकलमध्ये उभी असतानाही माझ्या डोक्यात येतो.

५:३०

गावातल्या क्लिनिकचा एक्स-रेवाला दादा विचारतो, सुटीनंतर पहिली फिल्म काढताना ट्यूब कडकड करते, चालेल का. त्याचं मशिन मी उघडत नाही, ते अधिकृत माणसाचं काम. पण ट्यूबमध्येही निर्वातच असतो, आणि ती काही दिवस पडून राहिली तर वॉर्म-अप करावाच लागतो: कमी किलोव्होल्टपासून पायरीपायरीने. आत सुटलेला वायू त्यात पुन्हा धातूत शोषला जातो. सकाळची पाच-दहा मिनिटं त्यासाठी ठेव, एवढं सांगते.

९:००

रिपोर्ट. बाटलीतला निर्वात साइटवर पुन्हा भरता येत नाही. गेटर पुन्हा जागा करायला शेकडो अंश तापमान लागतं. बाटली जोडली जाते तीच मुळी निर्वात भट्टीत, आठशे अंश सेल्सिअसच्या आसपास. हे काम गोव्यातल्या सीमेन्सच्या कारखान्यात किंवा बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्ससारख्या ठिकाणीच व्हायचं. साइटवर मी वेळेत ओळखू शकते आणि आकडे जपून ठेवू शकते, पुढच्या वर्षी कुणाला तरी तुलना करता यावी म्हणून. 'सीलबंद आहे, बघायचं काय' असं म्हणणाऱ्यांकडे नेमके हेच आकडे नसतात.

फीडर ब्रेकर: तिन्ही बाटल्या बदला, एक नव्हे, गॅप सारखा असला पाहिजे आणि कॉन्टॅक्ट एकाच वेळी लागले पाहिजेत. इनकमर, वाय फेज: सहा महिन्यांनी मॅग्नेट्रॉन चाचणी, तोवर एक नवी बाटली स्टोअरमध्ये ठेवा. पहिल्या वाचनाचा आकडा जसाच्या तसा लिहिते आणि मेल पाठवते. साडेनऊला मॅनेजरांचा फोन येतो, "मॅडम, तीनची नको, चारची ऑर्डर टाकतो."