माळावरचा पाहुणा

सोलापूरहून बार्शीकडे जाताना वाटेत नान्नज गाव लागते. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात आम्ही दोघे सायकलीवरून तिकडे निघालो होतो. आजूबाजूला उघडा माळ होता. गवत गुडघ्याएवढे वाढले होते. गवतात काहीतरी हलले. आम्हांला वाटले, कुणाचे करडू चुकले असेल. तेवढ्यात एक लांब पांढरी मान वर आली!

जवळच एक म्हातारे धनगरबाबा मेंढरे चारीत होते. ते हळूच म्हणाले, "मास्तर, हितंच थांबा. फुडं जाऊ नगा. माळढोक हाय त्यो."

आम्ही सायकली आडव्या केल्या. लांबूनच पाहत बसलो.

माळढोक उभा राहिला की सुमारे ३ फूट उंच दिसतो. नराचे वजन १५ किलोपर्यंत भरते. पाठ तपकिरी, डोक्यावर काळी टोपी. नाकतोडे, किडे, सरडे, धान्य, बोरे हे त्याचे खाणे. पिकावरचे नाकतोडे खातो, म्हणजे तो शेतकऱ्याचा सोबतीच की!

मग तो कमी का झाला? एक तर त्याची शिकार झाली. दुसरे, माळ नांगरले गेले. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. आपण जवळ गेलो तर ती उठून जाते. मग कुत्री, कोल्ही ते अंडे खातात. शिवाय विजेच्या तारा आहेत. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. उडताना त्याला समोरची तार नीट दिसत नाही. अंग जड, त्यामुळे चटकन वळताही येत नाही. तो तारेवर आदळतो आणि मरतो.

नान्नजच्या माळावर १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झाले. तरीही पक्षी घटतच गेले. आज साऱ्या देशाच्या रानांत मिळून दोनशेही उरले नाहीत. त्यांतले बहुतेक राजस्थानात, जेसलमेरकडे आहेत. तिथे २०१९ पासून सरकारी केंद्रात अंडी उबवून पिल्ले वाढवतात.

निघताना बाबा म्हणाले, "आमच्या लहानपनी लई दिसायचं. आता नातवाला तरी दिसंल का?"

मंडळी, ते थोडे आपल्याही हाती आहे. माळढोक दिसला तर त्याच्या मागे धावू नका. अंडे दिसले तर हात लावू नका. कुत्रे बरोबर असेल तर आवरा. माळाला आग लावू नका. आणि वनरक्षकाला लगेच कळवा.