घशातला दाणा आणि जगण्याचा हक्क

दोन वर्षांचे मूल शेंगदाणे खाताना ठसकते, कासावीस होते आणि थोड्या वेळाने शांत होते. घरचे म्हणतात, संकट टळले. अनेकदा ते तेथूनच सुरू होते. दाणा श्वासनलिकेतून खाली, बहुधा उजव्या फुफ्फुसाच्या नळीत जाऊन बसतो. शेंगदाणा एक्स-रेत दिसत नाही. मग आठवडेच्या आठवडे न्यूमोनियाची औषधे चालतात, कोणी अंगारा लावते. तो निघतो फक्त भूल देऊन, दुर्बिणीने. म्हणून डॉक्टरांना आवर्जून सांगा, "खाताना ठसका लागला होता." या एका वाक्याने निदान बदलते.

हा धोका तीन वर्षांखालच्या मुलांना सर्वाधिक. दाढा पुरत्या आलेल्या नसतात, हाती लागेल ते तोंडात जाते. आई उसाच्या फडात, मूल बांधावर. तिला निष्काळजी म्हणणाऱ्यांना आमचा सवाल आहे : पाळणाघर कोणी द्यायचे होते?

मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या. न दिसणारी वस्तू काढायला घशात बोट घालू नका. आवाजच फुटत नसेल तर थांबू नका. वर्षाखालचे बाळ डोके खाली ठेवून हातावर पालथे धरा, खांद्यांच्या मध्ये 5 थापा द्या. मग उताणे करून छातीच्या मध्यभागी 5 दाब द्या. मोठ्या मुलाला पाठीवर 5 थापा, नंतर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर, आत आणि वरच्या दिशेने 5 झटके. वस्तू निघेपर्यंत हे आलटून पालटून करा. दुसऱ्याला 108 क्रमांक लावायला सांगा. शुद्ध हरपली तर छाती दाबणे व तोंडाने श्वास देणे सुरू करा.

आणि रुग्णालयाने 'खाट नाही' म्हणून परत पाठवले तर? सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये परमानंद कटारा खटल्यात जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य ठरवले. 1996 मध्ये पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात, सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे हा कलम 21 चा भंग मानला. पैशाची सबबही नाकारली.

हक्क कागदावर आहे. पण श्वास अडकलेल्या मुलाजवळ काही मिनिटेच असतात. म्हणून प्रत्येक अंगणवाडी सेविकेला, आशाताईला हे प्रशिक्षण द्या, ही मागणी आम्ही शासनाकडे करतो. तोवर कार्यकर्त्यांनी ते आपापल्या वस्तीत शिकवावे. त्यासाठी कोणत्याही आदेशाची वाट पाहण्याची गरज नाही.