शॉवरची पेटी बदलणे सोपे. प्रश्न आहे भिंतीमागच्या तारेचा

ब्रिटनमध्ये नव्याने स्थायिक होणाऱ्या मराठी कुटुंबाला न्हाणीघरात एक अनोळखी वस्तू भेटते : भिंतीवरची पांढरी पेटी, म्हणजेच इलेक्ट्रिक शॉवर. छतावरून लोंबणारी दोरी ओढायची, बटण दाबायचे, की नळाचे गार पाणी क्षणात गरम होऊन अंगावर येते. पुण्या-मुंबईच्या घरांतील गीझरचीच ही आटोपशीर आवृत्ती असावी, असा समज सहज होतो. शॉवर बिघडल्यावर मात्र हाच समज धोक्याचा ठरू शकतो.

आपल्याकडचा साठवणीचा गीझर साधारणतः २ किलोवॅटचा असतो. तो टाकीतले पाणी सावकाश तापवतो आणि सुमारे ९ अँपिअर वीज घेतो. १६ अँपिअरचे सॉकेट त्याला पुरते. इलेक्ट्रिक शॉवरला साठवणीची टाकीच नसते. वाहते पाणी काही क्षणांत तापवायचे असल्याने त्याची क्षमता ७.५ ते १०.५ किलोवॅट इतकी ठेवावी लागते. ९.५ किलोवॅटचा शॉवर सुमारे ४० अँपिअर खेचतो. म्हणजे चार-पाच गीझर एकाच तारेवर एकाच वेळी चालू असल्यासारखे. ब्रिटनचा तीन पिनांचा प्लग १३ अँपिअरपुरताच असतो. म्हणून शॉवरसाठी मुख्य फ्यूजबोर्डापासून, ज्याला येथे कन्झ्युमर युनिट म्हणतात, स्वतंत्र तार, स्वतंत्र एमसीबी आणि स्वतंत्र स्विच असतो.

या मार्गावरचा एखादा स्क्रू ढिला राहिला, तर तेथे उष्णता साचते. ही उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. गीझरच्या ९ अँपिअरला जो ढिला जोड निभावून जाईल, तोच ४० अँपिअरला जवळजवळ वीसपट तापेल. दोरीच्या स्विचचे प्लास्टिक तपकिरी पडते, ते याच कारणाने.

बिघाड की ऋतूचा परिणाम?

जानेवारीत ‘शॉवर नीट तापवत नाही’ अशी तक्रार सर्रास ऐकू येते. अनेकदा तो बिघाड नसतो. ९.५ किलोवॅटचा शॉवर १५ अंशांचे पाणी ४० अंशांवर नेताना मिनिटाला सुमारे साडेपाच लिटर देऊ शकतो. पाणी ५ अंशांवर आले, तर जेमतेम चार लिटर. अशा वेळी पाण्याची धार कमी करणे हाच उपाय.

दुसरे कारण क्षारांचे. लंडन आणि आग्नेय इंग्लंडचे पाणी जड आहे. शॉवरच्या झाऱ्याची छिद्रे क्षारांनी बुजली, की पेटीतला दाब वाढतो आणि सुरक्षेची झडप उघडून खालून पाणी गळू लागते. झारा व्हिनेगरमध्ये भिजवून साफ करणे कोणालाही जमण्यासारखे आहे. एकदा उघडलेली झडप मात्र बहुधा बदलावीच लागते.

पाणी कायम कोमट राहत असेल, तर आतल्या दोन तापक घटकांपैकी एक जळाला असण्याची शक्यता असते. पाणी मध्येच गार होऊन पुन्हा गरम होत असेल, तर अतितापाविरुद्धचा आतला संरक्षक वारंवार वीज तोडत असावा. या दोन्हींसाठी जाणकाराला बोलवावे.

काही लक्षणे मात्र वाट पाहण्याची नाहीत. जळका वास, स्विचमधून येणारा गुणगुणता आवाज, तपकिरी डाग, पुन:पुन्हा पडणारा एमसीबी, किंवा पाण्याला हात लावताच जाणवणाऱ्या मुंग्या : यांपैकी काहीही दिसले, तर शॉवरला हात न लावता बाहेर यावे आणि कोरड्या हाताने कन्झ्युमर युनिटमधील शॉवरचा एमसीबी बंद करावा. करपलेल्या स्विचची दोरी ओढू नये. पडलेला एमसीबी पुन:पुन्हा वर करणे म्हणजे सूचना देणाऱ्याचेच तोंड बंद करणे.

बदलताना कुठे फसगत होते

जुना शॉवर ८.५ किलोवॅटचा असतो, दुकानात १०.५ चा दिसतो आणि धार जोरदार येईल या आशेने तोच घेतला जातो. पेटी भिंतीवर बसतेही. पण १०.५ किलोवॅटला सुमारे ४४ अँपिअर लागतात आणि त्यासाठी सामान्यतः १० चौरस मिलिमीटरची तार अपेक्षित असते. भिंतीत ६ चौरस मिलिमीटरची जुनी तार असेल, त्यातही ती उष्णतारोधक आच्छादनाखालून गेली असेल, तर ती हा भार सुरक्षितपणे वाहू शकेलच असे नाही. एमसीबी पडू लागला म्हणून मोठा एमसीबी बसवणे हा त्याहून घातक उपाय होय. एमसीबीचे काम तारेचे रक्षण करणे हे आहे. तो मोठा केला, की तारेचा रक्षकच उरत नाही.

माणसाच्या रक्षणासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीडी असते. भारतात आपण जिला ईएलसीबी म्हणून ओळखतो, तिचेच काम ती करते. जुन्या घरांत ती नसण्याची शक्यता असते. शॉवर बदलताना ती आहे की नाही हे तपासून घ्यावे.

तारांच्या रंगांचा सापळा भारतीयांसाठी विशेष आहे. ब्रिटनच्या जुन्या घरांत लाल फेज आणि काळी न्यूट्रल, म्हणजे आपल्या ओळखीचीच मांडणी दिसते. २००४ ते २००६ दरम्यान येथील रंग बदलले. आता तपकिरी फेज आणि निळी न्यूट्रल असते. भारतात तीन फेजच्या जोडणीत निळी तार फेजची असते. रंगावर विसंबून तारेला हात लावणे म्हणूनच जिवावर बेतू शकते. स्विचचा दिवा विझला म्हणजे वीज गेली, असेही नव्हे. कुशल इलेक्ट्रिशियन एमसीबीला कुलूप लावतो आणि दोन टोकांच्या टेस्टरने तार निर्जीव असल्याची खात्री करून घेतो.

कायदा आणि भाडेकरू

इंग्लंडमध्ये २००५ पासून घरगुती वीजकामाला इमारत नियमावलीतील ‘पार्ट पी’ लागू आहे. तेवढ्याच क्षमतेचा शॉवर त्याच जागी बसवणे सूचनापात्र नाही. नवी स्वतंत्र तार टाकणे किंवा कन्झ्युमर युनिट बदलणे सूचनापात्र आहे. एनआयसीईआयसी किंवा नॅपिट यांच्याकडे नोंदणी असलेला इलेक्ट्रिशियन आपल्या कामाचे प्रमाणपत्र स्वतःच देऊ शकतो. ते जपून ठेवावे. घर विकताना खरेदीदाराचा वकील त्याची मागणी करू शकतो. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत.

आपल्यापैकी बरेच जण भाड्याने राहतात. त्यांनी पेटी उघडूच नये. १९८५ च्या ‘लँडलॉर्ड अँड टेनंट’ कायद्याच्या कलम ११ नुसार पाणी तापवण्याच्या सोयीची दुरुस्ती सामान्यतः घरमालकाची जबाबदारी आहे. शिवाय २०२० च्या नियमांनुसार इंग्लंडमधील खासगी भाड्याच्या घरांची वीजतपासणी किमान दर पाच वर्षांनी व्हावी लागते आणि अहवालाची प्रत भाडेकरूला मिळावी लागते. ती मिळाली नसेल, तर मागावी. तक्रार छायाचित्रासह ईमेलने करावी. फोनवरच्या बोलण्याचा पुरावा उरत नाही.

स्वतःचे घर असलेल्यांनी इलेक्ट्रिशियनला चार प्रश्न विचारावेत : तार किती जाडीची आहे, आरसीडी आहे का, दोरीचा स्विचही सोबत बदलणार का, आणि कामानंतर कागद कोणता मिळणार? त्याचे नाव संबंधित संस्थेच्या सार्वजनिक नोंदवहीत आहे का, हेही पाहावे. नवा शॉवर मागवण्यापूर्वी जुन्या पेटीवरील किलोवॅटचा आकडा वाचून ठेवावा. त्याच्यापुढे जायचे असेल, तर खर्चाचा अंदाज पेटीचा न मागता तारेसह संपूर्ण कामाचा मागावा.