इफ्लीच्या कुरणातली फ्रिटिलरी

ऑक्सफर्ड शहराच्या दक्षिणेला थेम्स नदीच्या दोन प्रवाहांमध्ये इफ्ली मेडोज ही पुराच्या पाण्यावर पोसलेली कुरणे आहेत. भोवती दाट वस्ती आणि वर्दळीचा रिंगरोड. एप्रिलच्या सुमारास इथल्या गवतात फ्रिटिलरी फुलते. वीत-दीड वीत उंचीच्या दांड्यावर मान खाली घातलेले घंटेसारखे फूल आणि पाकळ्यांवर बुद्धिबळाच्या पटासारख्या जांभळट चौकटी. मध्येच एखादे पांढरे फूलही दिसते. लिलीच्या कुळातली ही कंदवर्गीय वनस्पती आहे.

एकेकाळी थेम्सकाठी ती मुबलक होती. दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतर धान्यासाठी कुरणे नांगरली गेली, चर खणून पाण्याचा निचरा केला गेला, खते पडली. १९३० च्या दशकापासून इंग्लंड आणि वेल्समधली फुलांनी समृद्ध अशी सुमारे ९७ टक्के कुरणे नष्ट झाली. स्थानिक वन्यजीव संस्थेने १९८३ मध्ये इफ्लीची देखभाल हाती घेतली, तेव्हा तिथे जेमतेम ५०० झाडे उरली होती.

कुंपण घालून कुरण मोकळे सोडले असते, तर उंच गवताने तीही गिळली असती. फ्रिटिलरीला माणसाची जुनी शेतीच हवी असते. बी रुजल्यापासून पहिले फूल यायला काही वर्षे लागतात. तोवर दरवर्षी पानांनी कंदात अन्न साठवायचे असते. म्हणून कापणी जुलैच्या आधी होत नाही. तोपर्यंत बोंडे वाळून बी सांडलेले असते. कापलेले गवत उचलून नेतात. ते तिथेच कुजले तर माती सकस होऊन दांडगी गवते माजतात. मग गुरे सोडतात. ती नवा फुटवा खाऊन कुरण आखूड ठेवतात आणि त्यांच्या खुरांनी उघड्या पडलेल्या मातीत बी रुजते. हिवाळ्यातला पूर गाळ आणतो आणि तरंगणारे बी दूरवर पोचवतो.

स्वयंसेवक दर वसंतात एका रांगेत चालत झाडे मोजतात. ही संख्या पुढे ८० हजारांच्या वर गेली. एवढे यश जुन्या कापणी-चराईचे आहे, हे ठासून सांगायला हवे.

मात्र उन्हाळ्यातला लांबलेला पूर घातक ठरतो. पाणी साचून कंद कुजतात, कापणी राहते आणि लव्हाळ्यासारखी पाणथळ गवते जागा बळकावतात. फुले पाहायला जाणाऱ्यांनी निदान पायवाट सोडू नये. गवतात न दिसणारे कोवळे कोंब पायाखाली चिरडतात.